सांडपाण्याची निवळी

मैलाशुद्धीकरण केंद्रातली सगळ्यात देखणी वस्तू कोणती असं विचारलंत, तर मी एक लिटरचं काचेचं नळकांडं दाखवीन. प्रयोगशाळेच्या ओट्यावर, खिडकीशी ते ठेवलेलं असतं. हवा खेळत असलेल्या टाकीतून मगभर पाणी आणायचं, नळकांड्यात हजारच्या खुणेपर्यंत ओतायचं, घड्याळ लावायचं आणि हात मागे घ्यायचा. पाण्याचा रंग गडद तपकिरी, वास ओल्या कुंडीचा. (केंद्र नीट चाललेलं असेल तर या टाकीला दुर्गंधी नसते, हे पहिल्यांदा जाणाऱ्याला पटतच नाही.) मिनिटभर सगळं गढूळ फिरत राहतं. मग त्या गढूळपणाला दाणा येतो. दाणे एकमेकांना धरतात, त्यांचे पुंजके होतात आणि वरच्या काठाखाली नखाएवढी स्वच्छ पट्टी उघडते. ती वाढत जाते. तिच्याखाली गाळाची रेघ अगदी आडवी, कुठेही न मोडता, खाली सरकत राहते. अर्ध्या तासाने तळाशी तीनशे मिलिलिटरच्या आसपास गाळ उरतो. वरचं सातशे मिलिलिटर पाणी असं असतं, की नळकांड्यामागे धरलेल्या वहीतली अक्षरं वाचता येतात. तुरटी घातलेली नाही, गाळणी लावलेली नाही, कुणी ढवळलेलंही नाही.

केंद्रातली मंडळी या चाचणीला ‘एसव्ही थर्टी’ म्हणतात आणि रोज सकाळी वहीत एक आकडा टाकून मोकळी होतात. मला मात्र घरगुती सांडपाणी शुद्ध करण्याच्या सगळ्या विद्येचं मर्म या अर्ध्या तासात दिसतं. या विद्येत करण्याचा भाग थोडा आहे आणि थांबण्याचा मोठा. वेग कुठे कमी करायचा, हवा कधी बंद करायची, कुणाला किती उपाशी ठेवायचं आणि केव्हा नुसतं बाजूला उभं राहायचं, याचं तारतम्य ज्याला आहे त्याचंच पाणी निवळतं.

सांडपाण्याच्या रचनेचं हे वाचन कुंभारीपासून सुरू करावंसं वाटतं, कारण तिथलं सांडपाणी इतर गावांसारखं पिढ्यान्‌पिढ्या थोडंथोडं वाढत आलेलं नाही. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव लागतं. विडी कामगार स्त्रियांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत इथे झाली. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते तिचं लोकार्पण झालं. त्यानंतर विडी कामगारांच्या त्याच चळवळीने, नरसय्या आडम मास्तरांच्या पुढाकाराने, तीस हजार घरांचं रे नगर हाती घेतलं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरावेचक, रिक्षावाले अशांची ही घरं. ९ जानेवारी २०१९ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याची पायाभरणी केली आणि १९ जानेवारी २०२४ ला पहिली पंधरा हजार घरं लोकांच्या ताब्यात दिली. किल्ल्या घेतानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. माझं मन अशा वेळी मोरीच्या हिशोबाकडे जातं.

तीस हजार घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे दीड लाख वस्ती. सरकारी मानकाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी. त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं धरतात, म्हणजे १०८ लिटर. सगळी घरं नांदती झाली की रोजचे एक कोटी बासष्ट लाख लिटर. खात्याच्या भाषेत सोळा एमएलडी. आता यात घाण किती? घाण मोजायचं आपल्याकडचं रूढ माप म्हणजे बीओडी: ती घाण पचवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू. तो माणशी दिवसाला सत्तावीस ग्रॅम धरतात. दीड लाख माणसांचे चार टन होतात आणि ते सोळा हजार टन पाण्यात विखुरलेले असतात. लिटरमागे पाव ग्रॅम. ज्या पाण्याकडे बघवत नाही, त्यात नव्याण्णव टक्क्यांहून कितीतरी जास्त पाणीच असतं. उरलेला अंश वेगळा काढायचा, एवढंच तर काम. पण तो अंश विरघळलेला असतो, तरंगत असतो, सडत असतो, आणि जिवंत असतो.

हे आकडे कागदावरचे. सांडपाण्याचा खरा मजकूर घराघरात लिहिला जातो. सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही. तीन-चार दिवसांआड येतं, उन्हाळ्यात त्याहूनही लांबतं. ‘पाण्याचा दिवस’ उजाडला की चादरी, गोधड्या, पडदे सगळं एकदम धुवायला निघतं आणि गटाराला भरती येते. मधल्या दिवशी तेच गटार रेंगाळतं. विडी वळणाऱ्या घरात तेंदूची पानं भिजवून ठेवलेली असतात, ते तपकिरी पाणी मोरीत जातं, कातरलेल्या पानांचे तुकडेही जातात. शेंगाचटणीच्या ताटलीवरचं तेल, तांदळाचं धुवण, लेकराच्या आंघोळीचा साबण, संडासचं पाणी, सगळ्यांची एकाच चेंबरमध्ये गाठ पडते. पुस्तकात सांडपाण्याचा आलेख सकाळी एक उंच आणि संध्याकाळी एक बुटका असे दोन डोंगर दाखवतो. सोलापूरसारख्या शहरात तो आलेख पाणी सोडणाऱ्या व्हॉल्वमनच्या वेळापत्रकावर चालतो. केंद्र आखणाऱ्याने हे ध्यानात घेतलं नसेल तर त्याची पुढची सगळी रचना पुस्तकी.

रचनेची पहिली ओळ म्हणजे उतार. जमिनीखालच्या नळाला असा उतार हवा की पाणी सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर वेगाने धावेल. त्याहून हळू झालं की मैला तळाला बसतो, सडतो आणि त्यातून कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो. मग नळ तुंबतो आणि तो उघडायला कुणाला तरी खाली उतरवलं जातं. हाताने मैला साफ करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. गटारात मृत्यू झाला तर तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. तरी बातम्या येतच राहतात. चांगल्या आखणीचा मी जो पहिला गुण मानतो तो इथे आहे. ज्याने खोदाईचे पैसे वाचवायला उतार चोरला, त्याचं टोकाला बांधलेलं केंद्र कितीही चकचकीत असो, त्या रचनेला मी चांगली म्हणत नाही.

केंद्राच्या तोंडाशी जाळ्या. आधी मोठ्या फटींच्या, मग बारीक. इथे फार रेंगाळण्यासारखं काही नाही: गुटख्याच्या पुड्या, शाम्पूचे पाऊच, सॅनिटरी पॅड, चिंध्या, कधी एखादी चप्पल. जाळीवरचा ढीग पाहिला की वस्तीत कचऱ्याची गाडी किती नेमाने येते ते कळतं.

त्यापुढची वाळू काढायची टाकी मात्र मला फार आवडते, आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही. पाण्यातून माती, रेती, रांगोळीची भुकटी वाहत येते. ती पुढे गेली तर पंपाची पाती खाऊन टाकते. म्हणून ती इथे पाडायची असते. पण मैल्याचे कण मात्र इथे पडता कामा नयेत, नाहीतर वाळू सडकी निघते. दोन्ही वेगळे कसे करायचे? फक्त वेगाने. पाणी सेकंदाला तीस सेंटिमीटर ठेवलं की जड वाळू खाली बसते आणि हलका मैला तसाच पुढे जातो. साठ सेंटिमीटरने धावत आलेल्या पाण्याचा वेग नेमका निम्मा करायचा. त्याहून कमी नाही, जास्त नाही. एका आकड्याच्या फरकावर उभी असलेली ही टाकी म्हणजे या सगळ्या रचनेतली सर्वांत मितभाषी ओळ आहे.

आता गाभा. त्यासाठी मँचेस्टरला जावं लागतं. तिथल्या गिल्बर्ट फाउलर या रसायनशास्त्रज्ञाने १९१२ च्या सुमारास अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स इथे सांडपाण्यात हवा फुंकण्याचे प्रयोग पाहिले. परत येऊन एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांना त्याने ते काम सुचवलं. त्यांनी सांडपाणी बाटल्यांत भरलं, उजेडाने शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळला आणि हवा सोडत राहिले. पहिल्या खेपेला पाणी पुरतं शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. एवढ्या वेळात कुठलंच शहर आपलं सांडपाणी कोंडून ठेवू शकत नाही. दुसरा कुणी असता तर प्रयोग तिथेच संपला असता. त्यांनी काय केलं, वरचं स्वच्छ पाणी ओतून दिलं, खाली बसलेला गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवं सांडपाणी घातलं. वेळ कमी झाला. पुन्हा तेच. आणखी कमी. असं करत करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसात व्हायला लागलं. ३ एप्रिल १९१४ ला त्यांनी हे मँचेस्टरमध्ये वाचून दाखवलं. आज जगभरातलं बहुतेक शहरी सांडपाणी ज्या पद्धतीने शुद्ध होतं, तिचा उगम या बाटल्यांत आहे. फाउलर पुढे १९१६ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आला, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

मराठी घरात हे समजवायला वेळ लागू नये. कालच्या दह्याचं विरजण आजच्या दुधाला लावतात तसा कालचा गाळ आजच्या पाण्याला लावायचा. मात्र विरजण चमचाभर पुरतं, इथे निम्मी टाकी लागते. आणि दही लागताना ते हलवायचं नसतं. इथे आधी जोरात ढवळायचं आणि मग अजिबात हलवायचं नाही.

आर्डर्न-लॉकेटची मूळ रीत अशी की भांडं एकच: भरा, हवा द्या, बसू द्या, वरचं काढा. मोठ्या शहरांना ते जमेना, कारण झडपा हाताने उघडायच्या-मिटायच्या होत्या. म्हणून पुढची कित्येक दशकं हवेची टाकी वेगळी आणि निवळायची टाकी वेगळी अशी अखंड वाहती पद्धत रूढ झाली. संगणक आणि स्वयंचलित झडपा आल्यावर जुनी रीत ‘एसबीआर’ या नावाने परतली आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिकांनी तीच उचलली. नव्याचा डौल मिरवणारी ही पद्धत खरं तर सगळ्यांत जुनी आहे. या पुनरागमनाचं मला कौतुक वाटतं, कारण तिने जागेचं काम वेळेकडे सोपवलं आहे. पाणी एका टाकीतून दुसरीत हलत नाही. टाकी तीच राहते आणि प्रसंग बदलतात.

एक फेरा साधारण तीन तासांचा. पहिले दीड तास टाकीत सांडपाणी येत असतं आणि तळाच्या रबरी पडद्यांच्या बारीक छिद्रांतून हवा उसळत असते. ब्लोअरचा आवाज इतका, की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. केंद्राच्या वीजबिलातला निम्म्याहून मोठा वाटा याच आवाजाचा असतो. या काळात जिवाणू चरतात. आणि इथे ती गोष्ट येते जी मला या विद्येतली सगळ्यात खोल वाटते. पोटभर मिळत असलेला जिवाणू एकटा पोहतो, भराभर वाढतो, कुणाला चिकटत नाही. अशा जिवाणूंनी घाण खाल्लेली असते खरी, पण ते स्वतःच पाण्यात पसरून राहतात आणि पाणी गढूळच राहतं. त्यांना अर्धपोटी ठेवलं, म्हणजे खाणाऱ्यांच्या मानाने खाणं कमी ठेवलं, की ते चिकट स्राव सोडतात, एकमेकांना धरतात, पुंजके करतात. पुंजका जड होतो आणि बसतो. म्हणजे नळकांड्यातली ती सुंदर आडवी रेघ भुकेने आखलेली असते. केंद्र चालवणाऱ्याचं सगळं कसब ही भूक राखण्यात आहे: रोज थोडा गाळ काढून टाकायचा, पण इतका नाही की खाणारे कमी पडतील.

सूक्ष्मदर्शक असेल तर पाहावं. एका थेंबात देठावर उभ्या असलेल्या घंटा दिसतात, व्हॉर्टिसेला. काठावरच्या केसांनी पाण्याला भोवरा देऊन सुटे जिवाणू गिळत असतात. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो आणि पुन्हा सावकाश उलगडतो. घंटा भरपूर आणि हलत्या असल्या की जाणता ऑपरेटर दुसऱ्या चाचण्यांचे निकाल यायची वाट बघत नाही. शेपट्या हलवत सैरावैरा पळणारेच दिसले तर गाळ कोवळा आहे. आणि पुंजक्यांतून केसांसारखे लांब तंतू बाहेर आले असतील तर बिनसलंय. तंतू एकमेकांत अडकतात, गाळ कापसासारखा फुगतो आणि नळकांड्यात तीनशेऐवजी आठशेवर येऊन बसतो.

अमोनियाचं प्रकरण वेगळं. मूत्रातून आलेल्या अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू फार धीम्या वाढीचे. त्यांना गाळात बरेच दिवस मुक्काम हवा आणि प्राणवायूही सढळ. मग हवा थांबली, की दुसऱ्याच जातीचे जिवाणू त्या नायट्रेटमधलाच प्राणवायू ओरबाडून घेतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, हवेत, जिथे तो एरवीही असतोच. एकाच टाकीत हवा देणं आणि न देणं या दोन विरुद्ध गोष्टींनी एकच काम पुरं होतं. दोन वेगळ्या टाक्या लागल्या असत्या तिथे घड्याळाने काम भागवलं.

सोलापूरच्या मे महिन्यात याची परीक्षा होते. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा जिवाणू जोरात असतात, पण पाणी प्राणवायू कमी धरतं. वीस अंशांना लिटरमध्ये नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांना साडेसात. खाणाऱ्यांची हाव वाढली आणि ताटात आधीच कमी. शिवाय निवळत असतानाही तळाच्या गाळात नायट्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि बसलेला गाळ ढेकळाढेकळांनी वर येतो. थंड देशातलं वेळापत्रक इथे जसंच्या तसं वापरलं की हे होणारच. अशा दिवसांत निवळायला दिलेला वेळ थोडा आवरावा लागतो. थांबायचं किती, यालाही ऋतू आहे.

दीड तास झाला की ब्लोअर बंद. कानांना एकदम सुटल्यासारखं होतं. पाऊण तास काहीच करायचं नसतं, आणि काहीच न करणं हे आपल्याकडच्या व्यवस्थेला सर्वांत जड जातं. माझ्या पाहण्यातल्या एका केंद्रात येणारं पाणी वाढलं की निवळायचा वेळ पंधरा मिनिटांवर आणत. दाखवायला सगळं पाणी ‘प्रक्रिया केलेलं’ होई आणि नाल्यात तपकिरी पुंजके वाहत. उलट प्रकारही पाहिला आहे. बिल वाचवायला ब्लोअर रात्री बंद, आणि पाहुणे येणार असले की दिवसभर चालू. दर्शनी भागात मात्र हिरवळ आणि कारंजं. कारंज्याचं पाणी बोअरचं.

पाऊण तासानंतर डिकँटर हलतो. टाकीच्या रुंदीइतकी स्टीलची पन्हळ, वरच्या पाण्यापासून सावकाश खाली उतरत जाणारी. तिच्या पुढे एक आडवी पट्टी असते, तवंग अडवायला. पन्हळ पाण्याबरोबरच खाली येते, पृष्ठभागाखालचं जेमतेम बोटभर पाणी घेत, खालच्या गाळाला चाहूल न लागू देता. घाई केली की ओढ लागून गाळ उठतो. टाकीतलं पाणी मीटरभर उतरतं, पन्हळ वर जाते, आणि उरलेल्या गाळावर पुन्हा नवं सांडपाणी यायला लागतं. शेवटी क्लोरीन, ते आवश्यक आहे, पण त्यात रस घेण्यासारखं काही नाही.

सोलापूर शहराकडे अशी तीन केंद्रं आहेत: देगावचं ७५ एमएलडी, प्रतापनगरचं १५ आणि कुमठ्याचं साडेबारा. योगायोग असा की ज्या ९ जानेवारी २०१९ ला रे नगरची पायाभरणी झाली, त्याच दिवशी शहराच्या भुयारी गटार योजनेचं आणि तीन शुद्धीकरण केंद्रांचंही लोकार्पण झालं. शहराचं सांडपाणी नाल्यांनी सीनेकडे जातं. सीना पुढे हत्तरसंग-कुडलला भीमेला मिळते. इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख जिथे आहे ते हेच संगमेश्वराचं ठिकाण. तिथून भीमा कर्नाटकात. खाली राहणाऱ्यांना आपण काय पाठवतो हा प्रश्न सोलापूरकर एरवी वरच्यांना विचारत असतात, कारण पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं, आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं. पुण्यात जपानच्या कर्जातून ३९६ एमएलडीची अकरा नवी केंद्रं हाती घेतली आहेत, त्यांचं मोल पुण्यापेक्षा सोलापूरला जास्त कळायला हवं.

इथे मला या रचनेतला एक दोष नोंदवायचा आहे. आपली मानकं वर्षानुवर्षं बीओडीभोवती फिरली. आधी लिटरला ३० मिलिग्रॅम चालत असे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात ते १० वर आणायला सांगितलं. तिसावरून दहावर येणं चांगलंच, पण पाणी काचेसारखं निवळलं तरी त्यात साबणाचा आणि मैल्याचा फॉस्फरस राहतो. डोळ्यांना तो दिसत नाही. धरणात पोचला की मात्र हिरवा होऊन दिसतो. उजनीतली जलपर्णी आणि शेवाळ त्यावरही पोसतात. नळकांड्यामागची अक्षरं वाचता आली म्हणून रसिकाने भुलायचं नाही, ते यासाठी.

मग हे पाणी नदीत सोडावंच का? २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात तरतूद आहे, की शुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीजकेंद्रांनी हेच पाणी वापरावं. नागपूरने ते करून दाखवलं. भांडेवाडीचं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्रात जातं आणि तेवढं धरणाचं पाणी वाचतं. कुंभारीच्याच तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र उभं आहे. शीतमनोऱ्यात उडून जाणाऱ्या पाण्याला उजनीची चव असायची काही गरज नाही.

राहिला गाळ. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीवर झाकण बसवून त्यातला वायू गोळा केला आणि त्यावर इंजिन चालवलं. मैल्यातला वायू कामाला लावण्याच्या जगातल्या आरंभीच्या उदाहरणांत याचं नाव घेतात. हा आश्रम पालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या खटपटीने १८९० मध्ये झालेला. तेच ॲकवर्थ, ज्यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाडे गोळा करून छापले. पोवाडे आणि मैला, दोन्ही वाया जाऊ न देणारा हा साहेब मला विनाकारण आवडतो.

एसबीआरच्या गाळातून मात्र माटुंग्यासारखा वायू फारसा निघत नाही. निघणार कसा? पाणी इतकं निवळावं म्हणून जिवाणूंना दिवसचे दिवस अर्धपोटी ठेवलं. त्यांनी शेवटी स्वतःलाच पचवलं. जळण्यासारखं जे होतं ते ब्लोअरच्या हवेत आधीच गेलं, आणि ते घालवायला वर विजेचं बिलही भरलं. निवळी आणि वायू दोन्ही हवे असतील तर हवेच्या आधी एक साधी बसण्याची टाकी बांधावी लागते. कच्चा मैला तिथेच खाली पडतो, तो झाकणाच्या टाकीत वायूसाठी न्यायचा आणि उरलेलं पातळ पाणी तीन तासांच्या फेऱ्याला द्यायचं. शहरात याला जागा नाही म्हणून नाकारतात. सोळा एमएलडीच्या वस्तीला, माळावर, हे कारण चालायचं नाही. कुंभारीत माझा पहिला आग्रह त्या टाकीचा असेल, आणि वाळू काढायच्या टाकीचा वेग रोज मोजण्याचा.